पाचव्या फेरीतले खांबेटे

सदानंद खांबेटे दुबईत आले तेव्हा त्यांच्याकडे एक बी.कॉम.ची पदवी, दोन सफारी सूट आणि निवडणुकांचं वेड एवढीच चीजवस्तू होती. पदवी शिक्के खाऊन खाऊन मलूल झाली, सूट पहिल्या उन्हाळ्यातच विटले. वेड मात्र शाबूत राहिलं. आता ज्या गावात निवडणूक हा शब्दच माणसं आजूबाजूला बघून उच्चारतात, तिथे हे वेड घेऊन येणं म्हणजे वाळवंटात छत्र्यांचं दुकान टाकणं. पण खांबेट्यांनी आयुष्यात सोयीचं असं फारसं काही केलेलंच नव्हतं.

गंमत म्हणजे या माणसानं स्वतः कधी मतदान केलं नव्हतं. दुबईला निघण्याआधी एकदा डोंबिवलीत ते मोठ्या उत्साहानं केंद्रावर गेले, तर त्यांचं मत त्यांच्याही आधी उठून कुणीतरी देऊन गेलं होतं. "कुणाला दिलं तेवढं तरी सांगा," असं त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला विचारल्याचं सुचित्रावहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, अजून सांगतात.

अल क्वोज या कारखान्यांच्या भागात एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत खांबेटे ॲडमिनला होते. ॲडमिन म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, लेबर कॅम्पातली गळकी टाकी, साहेबांचं विमानाचं तिकीट आणि चहातली साखर. साहेब आयरिश. नाव डर्मट लिन्स्की. मनानं भला माणूस, पण 'सदानंद' ही चार अक्षरं त्याच्या जिभेला पेलेनात. त्यानं पहिल्या आठवड्यातच त्यांचं 'सॅड' करून टाकलं. ज्याच्या नावातच सदा आनंद, त्याला दहा वर्षं दिवसातून वीसदा 'सॅड' अशी हाक! खांबेटे 'येस सर' म्हणून धावत. पगार वेळेवर होत होता.

नव्याण्णवच्या जूनमधली गोष्ट. शनिवार, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीनंतरचा आमच्याकडचा कामाचा भरगच्च दिवस. डर्मट दाढी न करताच ऑफिसात आला आणि म्हणाला, "सॅड, आत ये. दार लावून घे."

खांबेट्यांना वाटलं, कॅम्पावर इन्स्पेक्शन आलं. प्रकरण त्याहून गंभीर निघालं. डर्मटचा थोरला भाऊ फिन्बार त्यांच्या गावाकडे, बॅलिनाकुलला, काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभा होता. मतदान आदल्या दिवशी झालं होतं आणि आज मोजणी होती.

"हे कौन्सिल करतं काय?" खांबेट्यांनी विचारलं.

"रस्ते, गटारं, दिवाबत्ती. फिन्बारचं सगळं भाषण खड्ड्यांवर असतं."

"म्हणजे जिल्हा परिषद!" खांबेटे आनंदानं ओरडले. युरोपातसुद्धा खड्डे असतात, त्यावर भाषणं होतात आणि ती ऐकून लोक मतं देतात, हे कळल्यावर त्यांना आयर्लंड एकदम डोंबिवलीच्या शेजारचं वाटायला लागलं.

मग डर्मटनं त्यांना मोजणीची पद्धत सांगितली. त्यांच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत, आकडे लिहितात. सगळ्यात आवडत्या उमेदवारापुढे एक, त्याच्या खालोखाल आवडत्यापुढे दोन, मग तीन. जागा पाच असतील तर एकूण मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा एक मत जास्त मिळालं की माणूस निवडून आला. त्याला गरजेपेक्षा जास्त मतं पडली असतील तर वरची मतं त्या चिठ्ठ्यांवरच्या दुसऱ्या नावांकडे जातात. जो तळाला असतो तो बाद होतो, आणि त्याचीही मतं पुढच्या नावांना वाटली जातात. असं पाच जागा भरेपर्यंत फेरीमागून फेरी.

"कुणाचंच मत फुकट जात नाही?"

"जवळजवळ नाही."

खांबेटे खुर्चीत बसले. साहेबांसमोर न विचारता बसण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

फिन्बारचा मुलगा मोजणीच्या हॉलमधून दर फेरीनंतर फोन करत होता. पहिल्या फेरीत फिन्बार अकरा जणांत आठवा आला आणि डर्मटनं टेबलावर डोकं टेकलं. खांबेट्यांनी बाहेरच्या पांढऱ्या फळ्यावरचं डिलिव्हरीचं वेळापत्रक खुशाल पुसलं आणि तिथे अकरा नावांचा तक्ता मांडला. देऱ्यातल्या एका हॉटेलचे डक्ट त्या दिवशी जायचे होते ते गेले नाहीत. हॉटेलातली गिऱ्हाइकं घामानं न्हाऊन निघाली असतील. पण बॅलिनाकुलमधल्या गटारांचा प्रश्न त्यापेक्षा निकडीचा होता.

दुपारी वर्कशॉपचा फोरमन लियाकत आत डोकावला. सियालकोटचा माणूस, तीस कामगारांचा दादा. "खांबेटे साब, सर का भाई जीता या हारा?"

"अभी न जीता, न हारा. चौथी फेरी चालू है."

"कमाल है. हमारे यहाँ तो गिनती से पहले ही पता होता है."

खांबेट्यांनी मग त्याला सोपं करून सांगितलं की हे मुलीसाठी स्थळं बघण्यासारखं आहे. पहिलं जमलं नाही तर दुसरं, तेही फिसकटलं तर तिसरं, पण पोरगी बिनलग्नाची राहणार नाही. लियाकतला चार मुली. त्याला ही पद्धत फार पटली. तासाभरात अख्खं वर्कशॉप फिन्बारच्या मागे उभं राहिलं. मलबारी वेल्डर, नेपाळी हेल्पर, पठाण ड्रायव्हर, जे जन्मात कुणाच्या बाजूनं कधी एक झाले नव्हते, ते सगळे एका अनोळखी आयरिश माणसासाठी फळ्यासमोर उभे. तक्त्यातली नावं वाचता येत नव्हती म्हणून त्यांनी ज्याला त्याला धंद्यानं ओळखायला सुरुवात केली. सहाव्या फेरीत कफनपेट्या बनवणारा बाद झाला. त्याच्या चिठ्ठ्यांवर दुसरं नाव बहुतेक फिन्बारचं निघालं, कारण फिन्बारचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि पेट्यांचे खिळे तिथूनच जात. फिन्बार आठव्याचा सहावा झाला. वर्कशॉपमध्ये शिट्ट्या वाजल्या. गावातला अंत्यविधीवाला पडल्याबद्दल एवढा जल्लोष आयर्लंडमध्येही झाला नसेल.

शेवटच्या फेरीवरून वाद झाला, फेरमोजणी लागली आणि निकाल दुसऱ्या दिवसावर गेला. रविवारी दुपारी फोन आला. फिन्बार ठरलेल्या मतसंख्येपर्यंत पोचलाच नव्हता, पण बाकीचे सगळे बाद झाल्यामुळे पाचवी जागा त्याच्या पदरात पडली होती. डर्मटनं फोन ठेवला, डोळे पुसले आणि सगळ्या वर्कशॉपला बिर्याणी मागवली.

"भाऊ फार लोकप्रिय दिसतात," खांबेटे म्हणाले.

"छे! पहिली पसंती म्हणून त्याला कोण विचारतो? पण त्याच्यावर डूख धरणारंही कुणी नाही. आमच्याकडे तेवढं पुरतं."

हे वाक्य खांबेट्यांनी घरी नेलं आणि ते त्यांच्या डोक्यातून महिनोन्महिने गेलं नाही. कारण डूख धरण्याच्या लायकीचं त्यांनीही आजवर कुणाचं काही केलं नव्हतं.

आता आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. सागरतीर महाराष्ट्र मित्रमंडळाचे अध्यक्ष वसंतराव धामधेरे. लेबर कॅम्पांना जेवण पुरवण्याचा त्यांचा मोठा धंदा. मंडळाच्या कार्यक्रमांचं जेवणही त्यांच्याकडूनच येई, त्यामुळे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच राही. वार्षिक सभेत ते उभे राहून म्हणत, "यंदा कुणीतरी तरुणांनी पुढे यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे." मग एक शिंक येऊन जाईल एवढा वेळ थांबत. तेवढ्यात त्यांचाच अकाउंटंट मागून ओरडे, "वसंतराव, तुम्हीच!" आम्ही टाळ्या वाजवायचो, कारण मिसळ निवत असायची. अशी आमची लोकशाही अकरा वर्षं बिनविरोध फुलत होती.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात खांबेटे उभे राहिले आणि म्हणाले की कार्यकारिणीच्या पाच जागा आयरिश पद्धतीनं भराव्यात. सभा चक्रावली. निवडणूक? इथे? मग कुणीतरी म्हणालं, युरोपची पद्धत आहे. लगेच सगळ्यांच्या माना डोलल्या. परदेशात राहूनही आम्हाला फॉरेनचं आकर्षण सुटलेलं नव्हतं. वसंतरावांनीही मान्यता दिली. पसंतीचे नंबर द्यायचे म्हटल्यावर पहिला नंबर कुणाचा, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. फक्त बॅनरवर निवडणूक लिहायचं नाही असं ठरलं. 'स्नेहमेळावा आणि पसंती' असं लिहिलं.

खांबेट्यांनी आदल्या शुक्रवारी प्रात्यक्षिक घेतलं. मिसळ, पोहे, उपमा आणि साबुदाण्याची खिचडी असे चार उमेदवार. खिचडी पहिल्याच फेरीत बाद झाली आणि दोन घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एका काकांनी चारहीपुढे एक नंबर लिहिला. "मला सगळंच आवडतं," ते म्हणाले. त्यांना कुणीच समजावू शकलं नाही.

प्रश्न होता मोजणार कोण. खांबेटे स्वतःच उभे होते. एकूण नऊ उमेदवार, आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकावर कुणाचा तरी संशय होता. शेवटी खांबेट्यांनी डर्मटला गळ घातली. माणूस गोरा, त्यात मराठीचं अक्षर कळत नाही. एवढा निःपक्षपाती अधिकारी शोधून सापडला नसता. प्रत्येक नावाशेजारी छत्री, कंदील, किटली अशी चित्रं छापली, आणि शुक्रवारी दुपारी कराम्यातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये डर्मट टाय लावून हजर झाला.

चौऱ्याऐंशी मतं पडली. म्हणजे निवडून यायला पंधरा पुरे. डर्मटनं चिठ्ठ्यांचे ढीग लावले आणि पहिल्या पसंतीचे आकडे वाचायला सुरुवात केली. वसंतराव, एकतीस. टाळ्यांचा कडकडाट. मग बँकेतला दर्शन, मग मुलांना मराठी शिकवणारी शर्वाणी, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी किटली.

"किटली... वन."

किटली म्हणजे खांबेटे. हॉलमध्ये हशा पिकला. वाईट मनानं कुणी हसलं नाही. पण एकच्या आकड्याला एक अडचण असते, ते मत कुणाचं हे सगळ्यांना कळतं. आणि कुणाचं नाही, तेही. तिसऱ्या रांगेत सुचित्रावहिनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. ते त्यांना बराच वेळ सापडलं नाही.

डर्मट शांतपणे म्हणाला, "आता मिस्टर धामधेरे यांची जादा सोळा मतं वाटायची."

खांबेट्यांनी भाषांतर केलं. वसंतराव ताडकन उठले.

"वाटायची म्हणजे? माझी मतं?"

"तुम्हाला पंधराच लागतात ना वसंतराव. उरलेली त्या त्या चिठ्ठीवरच्या दुसऱ्या नावाला."

"अहो खांबेटे, मी मिळवलेली मतं आहेत ती! अकरा वर्षं लोकांना खाऊ घालून मिळवलीत. उद्या म्हणाल, वसंतराव, तुम्हाला दोन गाड्यांची काय गरज, एक दर्शनला द्या!"

"वसंतराव, पद्धतच तशी आहे."

"मला नको तसली पद्धत. सगळी एकतीस माझ्याच नावावर राहू देत. मी कुणाचं घेत नाही, माझं कुणी घ्यायचं नाही."

सभेला हे पटलं. मालमत्तेचा प्रश्न आला की आमच्या सभेला चटकन पटतं. खांबेटे एकेकाला समजावत होते. पण ज्याला एक मत पडलंय त्यानं दुसऱ्याची मतं वाटायला निघावं, हे दिसायला बरं दिसत नव्हतं. खालून वेटर दोनदा विचारून गेला, जेवण लावू का. मिसळीच्या वासानं लोकशाही डळमळायला लागली.

तेव्हा डर्मट उठला. सहा फूट दोन इंच, लालबुंद चेहरा. "मिस्टर धामधेरे," तो म्हणाला, "मतं तुमची नाहीत. त्या लोकांची आहेत. त्यांनी चिठ्ठीवर पुढचं नाव लिहून ठेवलंय. मी फक्त पोस्टमन आहे. यल्ला, चला, प्लीज."

हेच खांबेटे अर्धा तास मराठीतून सांगत होते. इंग्रजीतून एकदा सांगितल्यावर पुरलं. वसंतरावांनी क्षणभर विचार केला, कोट सावरला आणि माइक हातात घेतला. "मित्रहो, मंडळाच्या आणि मराठी माणसाच्या व्यापक हितासाठी मी माझी सोळा मतं आज सढळ हातानं दान करत आहे!" लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या अकाउंटंटचे डोळे पाणावले.

दानातली सात मतं किटलीत पडली.

"सात?" वसंतराव माइक न घेताच ओरडले.

कारण साधं होतं. वसंतरावांच्या लोकांनी पहिला नंबर त्यांना दिला आणि मग विचार केला, दुसरं कोण? तेव्हा त्यांना आठवलं की व्हिसाचं अडलं की कोणाला फोन करतो, एअरपोर्टला कोण सोडतो, कार्यक्रमात माइक कुई करतो तेव्हा कोण धावतो. पहिल्या पसंतीच्या वेळी हे कुणालाच आठवलं नव्हतं.

पुढच्या दोन फेऱ्यांत दोघं बाद झाले आणि खांबेट्यांना आणखी एक मत मिळालं. पाचव्या फेरीत शर्वाणी बाद झाली. तिच्या चिठ्ठ्यांपैकी दोन किटलीकडे आल्या. खांबेटे अकरा, दर्शन दहा. दर्शन पडला. डर्मटनं घसा साफ करून जाहीर केलं की मिस्टर खांबेटे मतसंख्या पूर्ण न करता निवडून आले असं समजण्यात येत आहे.

"समजण्यात येत आहे म्हणजे आलेत की नाही?" मागून कुणीतरी विचारलं. पण तोवर निम्मा हॉल जिना उतरून ताटं घेत होता.

संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्यांची नेहमीची रांग. खांबेटे गाडी चालवत होते, शेजारी सुचित्रावहिनी, मागे त्यांची दहा वर्षांची मुलगी इरा.

"अगं, एक मत," खांबेटे अखेर म्हणाले. "ते माझं होतं."

"हो."

"म्हणजे तू..."

"शर्वाणीला दिलं. तिनं इराला बाराखडी शिकवली. तुम्ही दोन वर्षं 'उद्या बसू' म्हणत होतात."

"पण मी नवरा आहे तुझा."

"दुसरा नंबर तुम्हालाच दिला ना? तुम्हीच खिचडीवरून शिकवलंत, दुसरी पसंती फुकट जात नाही म्हणून. गेली का फुकट?"

खांबेट्यांनी मनात हिशेब केला. ते एका मतानं आले होते. वहिनींचं मत शर्वाणीकडून त्यांच्याकडे आलं नसतं तर दहा-दहा अशी बरोबरी झाली असती, आणि पहिल्या पसंतीचं एकच मत असलेला माणूस त्यात पडला असता. या युक्तिवादात कुठे फट सापडते का ते त्यांनी पुढच्या सिग्नलपर्यंत शोधलं.

"सो बाबा, यू वर मम्माज बॅकअप?" इरानं मागून विचारलं.

"गप बस," दोघंही एकदम म्हणाले.

ते खांबेट्यांना लागलं. लागलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आठवडाभर ते घरी मोजकं बोलत. ऑफिसात त्यांनी डर्मटला विचारलं, तुमच्या भावाच्या बायकोनं पहिली पसंती कुणाला दिली असेल? डर्मट म्हणाला, "आमच्याकडे हे विचारायची पद्धत नाही. विचारणारे घराबाहेर झोपतात." खांबेट्यांनी विषय खलास केला. पुढच्या शुक्रवारी मात्र ते सकाळी इराला घेऊन मराठीच्या वर्गाला गेले आणि मागच्या बाकावर दीड तास बसून राहिले. शर्वाणीनं त्यांना दोनदा जोडाक्षरं विचारली. एक चुकलं.

हा वर्ग भरायचा एका जिन्याखाली. मंडळाची स्वतःची एक खोली होती, पण तिथे वसंतरावांच्या केटरिंगची पातेली असत. 'तात्पुरती' ठेवलेली, सहा वर्षांपासून. कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत वसंतरावांची अध्यक्ष म्हणून एकमतानं निवड झाली आणि खांबेट्यांकडे खुर्च्या आणि ध्वनिव्यवस्था हे खातं आलं, म्हणजे निवडून येण्याआधी होतं तेच. खांबेट्यांनी खातं स्वीकारलं आणि म्हणाले, "एक विषय मांडायचाय. खोली मुलांच्या वर्गाला द्यावी."

"विचार करू," वसंतराव म्हणाले. "इन्शाल्ला."

"हात वर करून घेऊ या का?"

मंडळाच्या इतिहासात बैठकीत हात वर झाले ते जेवणाला कोण कोण आहे हे मोजायला. त्या दिवशी प्रथमच दुसऱ्या कारणानं झाले. तीन विरुद्ध दोन. खोली मिळाली. पातेली न्यायला टेम्पो आला तेव्हा खांबेटे स्वतः एक बाजू धरून जिना उतरले, कारण वसंतरावांची माणसं नेमकी त्याच दिवशी कुठेतरी कामात होती. खांबेट्यांची कंबर चार दिवस धरली होती. वर्गात त्या वर्षी चाळीस मुलं आली. ती मराठीत 'मे आय गो टू टॉयलेट' विचारायला शिकली.

वसंतराव विसरणारे नव्हते. दोन वर्षांनी पुन्हा पसंतीची वेळ आली तेव्हा ते हळव्या आवाजात म्हणाले, "मित्रहो, मोजणीनं माणसं दुरावतात. गेल्या वेळी एका सद्गृहस्थाच्या संसारात या पद्धतीनं काय झालं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. मला अशी सत्ता नको जिच्यापायी नवराबायकोत अंतर पडेल."

सगळ्यांनी हळहळून खांबेट्यांकडे पाहिलं. सुचित्रावहिनी उठून म्हणाल्या, "आमचं अंतर आहे तेवढंच आहे. तुम्ही मोजा." पण तेवढ्यात अकाउंटंट ओरडला, "वसंतराव, तुम्हीच!" आणि टाळ्या झाल्या. खांबेटे कार्यकारिणीतून गेले, खुर्च्या आणि ध्वनिव्यवस्था त्यांच्याकडे राहिली. मराठीचा वर्गही त्या खोलीतच राहिला. वसंतरावांनी तोवर नवीन गोदाम घेतलं होतं आणि वर्गाचं श्रेय ते भाषणात स्वतः घेऊ लागले होते, त्यामुळे तो बंद होण्याचा धोका टळला.

दोन हजार चारच्या जूनमध्ये आयर्लंडची काउंटी निवडणूक पुन्हा आली. आता इंटरनेट होतं, फळ्याची गरज नव्हती. दुबई मरीनात टॉवरमागून टॉवर चढत होते, कंपनीला मान वर करायला सवड नव्हती. तरी खांबेटे आणि डर्मट स्क्रीनसमोर बसले. आठव्या फेरीत फिन्बार चार मतांनी पडला. पाच वर्षांत त्यानं बॅलिनाकुलचे बहुतेक खड्डे बुजवले होते. आता लोकांना सांगायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

त्याचं कशातच मन लागेना, म्हणून डर्मटनं त्याला सप्टेंबरात दुबईला बोलावलं. स्वतःला वेळ नव्हता, त्यामुळे पाहुण्याला फिरवायचं काम अर्थातच ॲडमिनकडे. फिन्बार साठीतला, जाडजूड, कानात केस असलेला साधा माणूस निघाला. खांबेट्यांनी त्याला मरीना दाखवलं. तो टॉवरकडे बघेना. गाडीच्या खिडकीतून खाली रस्त्याकडेच बघत राहिला.

"इथे रस्त्यांचं कुठला कौन्सिलर बघतो?"

"इथे कौन्सिलर नाहीत."

"मग खड्डा पडला तर लोक कुणाच्या दारात जातात?"

"खड्डा पडत नाही."

ज्यानं आयुष्याची वीस वर्षं दारोदार फिरण्यात घालवली, कुत्री चावून घेतली, त्याला हे ऐकवायला नको होतं असं खांबेट्यांना वाटलं. त्याला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "अल क्वोजला आमच्या कंपनीच्या मागे आहे एक. दाखवतो." आणि खरंच गाडी वळवून त्याला ट्रेलरनी उखडलेला तो तुकडा दाखवला. फिन्बार उतरला, वाकून बघितला, बुटानं खडी सरकवली. "खाली पाणी मुरतंय," तो म्हणाला. त्या सहलीत त्याचा चेहरा प्रथमच खुलला.

गणपतीचे दिवस होते. शुक्रवारी खांबेटे त्याला मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन आले. गोरा पाहुणा म्हटल्यावर वसंतरावांनी तत्काळ शाल आणि श्रीफळ मागवलं. "कोण म्हणालात हे?"

"काउंटी कौन्सिलचे सदस्य होते. म्हणजे जिल्हा परिषद. यंदा पडले."

"खांबेटे, पडलेल्याला आपण शाल घालत नाही." एवढं बोलून वसंतराव माइककडे गेले आणि त्यांनी जाहीर केलं की आयर्लंडच्या राजकारणातलं एक दिग्गज, अजिंक्य व्यक्तिमत्त्व आज आपल्यात आहे. तीनशे माणसं उभी राहिली. फिन्बारच्या खांद्यावर शाल पडली. एसी धापा टाकत होता, घाम त्याच्या मानेवरून शालीत जिरत होता.

"हा काय म्हणतोय?" त्यानं खांबेट्यांना विचारलं.

खांबेट्यांनी खरं ते सांगितलं. फिन्बारनं माइक मागितला. म्हणाला, "ही चूक आहे. मी हरलो. चार मतांनी. ती चार घरं कुठली तेही मला माहीत आहे. माझंच चुकलं, मी यंदा त्यांच्याकडे गेलो नाही. वाटलं, ती आपलीच आहेत."

खांबेट्यांनी शब्दनशब्द मराठीत सांगितलं. चुकून एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. मागे मुलं खेळत होती तीसुद्धा थांबली.

मग वसंतरावांनी माइक ओढून घेतला. "बघा! याला म्हणतात मोठेपणा! एवढा विजयी माणूस, पण नम्रता बघा!" आणि आधीपेक्षा दुप्पट टाळ्या पडल्या. लोक फिन्बारबरोबर फोटो काढायला रांगेत लागले. दोघा जणांनी त्याला मुलासाठी आयर्लंडच्या व्हिसाचं विचारलं.

जेवणाच्या वेळी खांबेट्यांनी त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं. सुचित्रावहिनींनी त्याच्या ताटात उकडीचे दोन मोदक वाढले आणि वर तूप घातलं. फिन्बारनं शाल घडी करून मांडीवर ठेवली. त्याच्या खांद्याला कुणीतरी हात लावून जाई, 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणे, आणि तो मान हलवी.

"पहिलं घर," तो खांबेट्यांना सांगू लागला, "पुलापलीकडचं. म्हातारी एकटीच असते. तिच्या दारातला दिवा मीच लावून दिला होता." खांबेट्यांनी खुर्ची जवळ ओढली. तिसऱ्या घरापर्यंत येईतो वहिनींनी मोदक पुन्हा गरम करून आणले होते.